व्यंकटीचं इवानोवो

पेडगावच्या व्यंकटीला रशियातल्या इवानोवो या शहराचा इतिहास तोंडपाठ होता. ते शहर कोणत्या नदीवर आहे, तिथला जहागीरदार कोण, कापडाच्या गिरण्या कशा निघाल्या, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. स्वतः मात्र पूर्णा जंक्शनच्या पलीकडे कधी गेला नव्हता. पूर्ण्यालाही गेला तो मेव्हण्याच्या लग्नाला, आणि गाडी चुकल्यामुळे लग्न लागल्यावर पोचला.

यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. निजामाचं राज्य गेल्यापासून परभणीत दूरच्या देशांची काळजी करणारी माणसं फार झाली होती. जवळची काळजी सरकार करत असल्यामुळे लोकांना तेवढी फुरसत मिळाली होती.

व्यंकटी उर्दू चौथी पास होता. पोरगा कचेरीत चपराशी होईल असा त्याच्या बापाचा अंदाज होता. कचेरीतली जागा रिकामी व्हायची वाट बघण्यात बापलेकांची काही वर्षं गेली. शेवटी जागा रिकामी झाली ती राज्यासकटच. पोलीस ॲक्शन झाली, रझाकार गेले, निजाम राजप्रमुख होऊन बसला, आणि कचेरीला उर्दू चौथीचा काही उपयोग उरला नाही. व्यंकटी दुकानांच्या पाट्या आणि विडीच्या बंडलांवरचे कागद वाचत मराठी अक्षरं शिकला आणि परभणीच्या एका जिनिंग फॅक्टरीत यंत्रांना तेल घालायला लागला. दिवाळीला भोंगा सुरू व्हायचा, होळीच्या पुढेमागे बंद व्हायचा. मधल्या महिन्यांत परभणीच्या पंचक्रोशीतला कापूस गाड्यांनी आत यायचा. आत रुई वेगळी, सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधून रेल्वेनं मुंबईला जायच्या. मुंबईहून त्याच कापसाची लुगडी होऊन परत यायची, आणि ती अंगाला लावायची ऐपत कापूस पिकवणाऱ्याला नसायची. पण ही गोष्ट इथलीच असल्यामुळे तिच्यावर कोणी व्याख्यान देत नसे.

त्याची बायको दैवशाला त्याच फॅक्टरीत जिनवर बसायची. जिनवर बायाच बसायच्या. समोर फिरणारा रूळ, हातात कापूस, आणि दिवसभर तो मुठीमुठीनं रुळाला भरवायचा. रुईचा फुफाटा नाकातोंडात जायचा. लेकरं आत आणायची मनाई होती, कारण मुकादमाच्या मते लेकरांमुळे यंत्रांना धोका होता. म्हणून फाटकाबाहेरच्या कडुलिंबाच्या झाडाला झोळ्या बांधलेल्या असायच्या. एकेका फांदीला दोन-दोन, तीन-तीन. लेकरू फार रडायला लागलं तर सकाळी अफूची तिळाएवढी गोळी द्यायची, म्हणजे ते संध्याकाळपर्यंत शहाण्यासारखं वागायचं. पुढे दैवशालाची कौशी झाली, तीही त्याच झाडाला लटकली.

इवानोवो व्यंकटीच्या वाट्याला आलं ते किशनराव वकिलांमुळे. किशनराव युनियनचे अध्यक्ष होते. शिवाय रशियाचे मोठे पाहुणे हिंदुस्थानात येऊन गेल्यावर गावोगावी मैत्रीचं वारं सुटलं, तेव्हा त्यांनी परभणीतही एक मैत्री मंडळ काढलं आणि त्याचेही अध्यक्ष झाले. मंडळाला मुंबईहून रशियातल्या शहरांची माहिती देणारी तीन पुस्तकं आली. मॉस्कोचं पुस्तक वकिलांनी स्वतःकडे ठेवलं. लेनिनग्राडचं हेडमास्तरांना दिलं. उरलं इवानोवो. ते घ्यायला कोणी पुढे येईना, म्हणून ते कामगारवर्गाला देण्यात आलं.

"व्यंकटी," वकील म्हणाले, "हे शहर कापसाचं आहे. तू कापसातला माणूस आहेस. यावर तू बोलायचं."

"सायब, मी कव्हा बोललो न्हाई."

"श्रमिकानं बोललंच पाहिजे. आणि हे बघ, नावं नीट पाठ कर."

व्यंकटीनं नावं पाठ केली. महिनाभर तो तेलाची झारी घेऊन यंत्रांमधून फिरताना ओठ हलवायचा. मुकादमाला वाटलं, माणूस देवाधर्माला लागला.

पहिलं व्याख्यान फाटकाबाहेर, बाजाराच्या दिवशी झालं. वकिलांनी प्रास्ताविकात जगाची परिस्थिती सांगितली. ती बरीच लांब असल्यामुळे व्यंकटीच्या वाट्याला उन्हं कललेली आली. तो उभा राहिला, घसा खाकरला आणि सरळ जहागीरदारापासून सुरुवात केली.

"इवानोवो आधी खेडं होतं. शेरेमेत्येव नावाच्या जहागीरदाराचं."

"मुसलमान होता का?" गाठी बांधणाऱ्या म्हाताऱ्या रामकिशननं विचारलं.

"न्हाई, किरिस्ताव."

"बरं. सांग."

"तिथली जमीन हलकी. पेरावं तर पोटापुरतं येईना. म्हनून कुळं मागावर बसली. आधी जवसाच्या धाग्याचं कापड इनायची. मग त्याच्यावर छापे माराया लागली. मग बाहीरदेशाचा कापूस आला, गिरण्या निघाल्या. काही कुळं लय मोठी झाली. त्यांच्या गिरणीत शेकड्यानं मानसं राबायची. पर कागदावर ते सोता जहागीरदाराचे गुलामच."

"म्हंजे शेठ बी गुलाम?"

"शेठ बी गुलाम."

ही गोष्ट लोकांना अतिशय आवडली. रामकिशननं ती पुन्हा एकदा सांगायला लावली. दुसऱ्यांदा सांगताना व्यंकटीनं त्या शेठला थोडी ढेरीही दिली. पुस्तकात ती नव्हती.

"मग इवानोवो अन् शेजारची वस्ती एक केली अन् त्याचं शहर झालं," तो पुढे म्हणाला.

"विलीनीकरण झालं म्हन की," मागून एकजण बोलला. "मग कचेरी कंच्या गावाला गेली?"

हे पुस्तकात नव्हतं. त्या साली मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात जायचा होता, आणि कोणती कचेरी कुठे जाणार यापलीकडे लोकांना काही सुचत नव्हतं. व्यंकटीनं प्रश्न ऐकू न आल्यासारखं केलं. वकिलांकडून तो हे लवकर शिकला होता.

रामकिशनची शंका मात्र टाळता आली नाही. "तिथं कापूस कसा काय पिकतोय?"

"पिकत न्हाई. बर्फ पडतंय. ताश्कंदकडून गाडीनं येतोय."

"कापूस न्हाई अन् गिरण्याच गिरण्या?"

"हां."

"अन् आपल्याकडं कापूसच कापूस अन् गिरणी न्हाई."

वकिलांनी घड्याळ बघितलं. तेव्हा व्यंकटीनं पुस्तकाचं शेवटचं प्रकरण काढलं. हल्लीच्या इवानोवोतल्या गिरण्यांत बायाच जास्त आहेत, गिरणीतच लेकरांसाठी दालन आहे, पांढऱ्या चादरींचे छोटे पलंग आहेत, सांभाळायला दाई आहे, आणि दूध पाजायच्या वेळी आईला काम सोडून जायची मुभा आहे. मागे पाठमोऱ्या बसून लेकरांना पाजणाऱ्या बाया इकडे तोंड करून बसल्या.

"दाई कुनाची?" छबूबाईनं विचारलं. तिचं लेकरू चार महिन्यांचं होतं.

"गिरणीचीच."

"तिला पगार कोन देतंय?"

"गिरणीच."

छबूबाईनं दैवशालाकडे बघितलं. दैवशाला नवऱ्याकडे बघत होती. लग्न झाल्यापासून या माणसानं ऐकण्यासारखं काही सांगितलं ते हे पहिल्यांदा, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग व्यंकटीची कीर्ती वाढली. पूर्ण्याच्या रेल्वे कामगारांनी त्याला बोलावलं, मानवतच्या हमालांनी बोलावलं. जिंतूरला तर त्याला हार घालण्यात आला. लोक त्याला इवानोवोकर म्हणू लागले आणि तो ते लावूनही घेऊ लागला. इवानोवोत बाईमाणूस पुरुषाच्या बरोबरीचं असतं, हे तो दत्तरावाच्या हॉटेलात बसून सांगायचा, आणि घरी आल्यावर ओट्यावर बसून पाय धुवायला पाणी मागायचा. दैवशाला पाणी द्यायची. एकदा तिनं तांब्या समोर ठेवून विचारलं, "तिथल्या गड्याला पानी कोन देतंय?" व्यंकटी म्हणाला, तिथं नळ आहेत.

असे दोन हंगाम गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, आणि इवानोवोची लोकसंख्या व्यंकटीच्या तोंडी दरवर्षी वाढत गेली.

पौषात, कापसाचा भर असताना, ती गोष्ट घडली. फाटकासमोर गाड्यांची रांग लागली होती. एका गाडीवानानं जागा करायला गाडी मागे घेतली, बैल भोंग्यानं बुजला, आणि गाडीचं मागचं टोक लिंबाच्या फांदीला जाऊन धडकलं. झोळी तुटली. छबूबाईचं धाकटं लेकरू खाली दगडावर पडलं. अफूच्या गुंगीत होतं, त्यामुळे ते आधी रडलंच नाही. मग रडलं. डावा हात कोपराजवळ मोडला होता. छबूबाई त्याला घेऊन सरकारी दवाखान्याकडे पळाली. मुकादम बाहेर आला, त्यानं झाडाकडे बघितलं आणि हुकूम दिला, "उद्यापासून झोळ्या दुसऱ्या झाडाला बांधायच्या."

फाटकाबाहेर दुसरं झाड नव्हतं.

दैवशाला जिनवरून उठली. तिनं पदरावरची रुई झटकली आणि बाहेर येऊन फाटकात बसली. तिच्या मागून धुरपदाबाई आली, मग भिवराबाई, मग एकेक करून सगळ्या. यंत्रं फिरत राहिली, पण त्यांना भरवायला कोणी नव्हतं. व्यंकटी झारी घेऊन आतच उभा राहिला. रिकाम्या रुळांची खडखड त्यानं पहिल्यांदाच ऐकली.

मुनीम धावत बाहेर आला. "काय पाहिजे तुम्हाला?"

"आमाला इवानोवो पायजे," धुरपदाबाई म्हणाली.

मुनीम धावत आत गेला. मालक हरकचंद शेठ गादीवर पडून वर्तमानपत्र वाचत होते.

"शेठजी, बाया इवानोवा मागतायत."

"कोण इवानोवा? कोणत्या गावचा?"

"परभणीचा वाटत नाही."

"मग त्याला आत घेऊ नका," शेठ म्हणाले. बाहेरगावची माणसं येऊन इथल्या गरिबांना बिघडवतात, असं त्यांचं जुनं मत होतं. ते मत पक्कं होईपर्यंत इवानोवो हे व्यंकटी सांगतो ते शहर आहे अशी मुनिमाला बातमी लागली, आणि व्यंकटीला गादीसमोर उभं करण्यात आलं.

शेठ ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत, त्यासाठी मुकादम ठेवला होता. ते म्हणाले, "व्यंकटी, तू शिकलेला माणूस. तुझ्या इवानोवात काय आहे, आम्हालाही कळू दे."

विषय निघाला तसा व्यंकटीला धीर आला, आणि त्यानं सवयीनं जहागीरदारापासून सुरुवात केली. शेरेमेत्येव झाला, जवस झाला, छापे झाले. गुलाम शेठची गोष्ट मात्र त्यानं ऐन वेळी गाळली. हरकचंद शेठनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"छान. हे तिकडचं झालं. इकडे असं असतं का?"

इकडचं व्यंकटीनं काही पाठ केलं नव्हतं.

"इकडं... न्हाई, शेठजी. ते रशियाचं हाय. इकडं तसं नसतंय."

"बघ. हेच बाहेर जाऊन सांग."

आणि व्यंकटीनं बाहेर जाऊन तेच सांगितलं. सत्तर-एक बायांसमोर, आपल्या बायकोच्या तोंडाकडे न बघता, तो म्हणाला की इवानोवो रशियात आहे आणि परभणी परभणीत आहे. भूगोलाच्या दृष्टीनं यात चूक काही नव्हती. एकही बाई उठली नाही. भिवराबाई एवढंच म्हणाली, "मग आमाला कामून सांगितलंस, बाबा?"

संध्याकाळी किशनराव वकील आले. बायांनी त्यांना न विचारता संप केला, याचं त्यांना दुःख झालं होतं. तरी ते समजुतीनं बोलले.

"बायांनो, परिस्थिती अजून परिपक्व झालेली नाही. प्रत्येक गोष्टीला क्रम असतो. आधी सत्ता, मग पाळणाघर."

छबूबाई दवाखान्यातून परत आली होती. लेकराच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. "सत्ता यायला किती वर्सं लागतेल, वकीलसायब?"

"ते इतिहास ठरवतो."

"तव्हर माझं लेकरू बापई होईल की."

वकिलांनी वर्गीय जाणिवेच्या अभावाबद्दल दोन शब्द सांगितले आणि सायकलवर बसून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दैवशाला चुलीपुढे भाकरी थापत होती. व्यंकटी कौशीला मांडीवर घेऊन भिंतीशी बसला होता. पाय धुवायला त्यानं आपलं पाणी आपण घेतलं होतं, पण त्याची कोणी दखल घेतली नव्हती.

"एक इचारू का?" दैवशाला म्हणाली.

"इचार."

"तुमच्या त्या पुस्तकात गिरणीवाल्यानं पाळनाघर सोताहून दिलं का?"

व्यंकटीनं कौशीचं अंगडं सारखं केलं. "न्हाई."

"मग?"

"तिथं बी लय वर्साखाली मोठा संप झाला. सगळं गाव नदीकाठी बसलं. अडीच महिने बसले. तिथंच पंच निवडले, तिथंच बोलने व्हायचे. मागन्या होत्या, त्यात लेकराच्या सोयीची बी होती."

"मिळाली?"

"तव्हा न्हाई. तव्हा घोडेस्वार आले. लोकं मारले. बाकीचे उपाशी कामाला गेले. पाळनाघर मागून आलं, कित्येक वर्सांनी."

दैवशालानं तव्यावरची भाकरी उलटली. "हे व्याख्यानात कव्हाच सांगितलं न्हाई."

"वकीलसायब म्हनले, लोकं नाराज होतेत. चांगलं चांगलं सांग."

"आमाला वाटलं, तिथं आभाळातून पडलं." तिनं भाकरी फडक्यात बांधली, कौशीला त्याच्या मांडीवरून उचललं. "त्या बी बसल्याच व्हत्या म्हनायचं. मी चालले."

ती गेल्यावर व्यंकटीला स्वतःचा राग आला, पण राग नेमका कसला ते त्याला कळत नव्हतं. शेठपुढे घाबरला त्याचा नव्हता. घाबरायला त्याची हरकत नव्हती, ती त्याची रोजची सवय होती. दोन वर्षं तो गावोगाव एक शहर सांगत हिंडला होता, आणि त्यातली माणसं त्यानं गाळली होती. नदीकाठी बसलेल्या बायांचं पान पुस्तकात होतं. ते त्यानं पाठसुद्धा केलं होतं, आणि नंतर हारतुऱ्यांच्या नादात सोडून दिलं होतं.

भोंगा झाला तेव्हा तो फाटकापाशी होता. मुनिमानं त्याला झारी आणून दिली. व्यंकटीनं ती घेतली, फाटकाच्या आत जमिनीवर ठेवली, आणि बाहेर येऊन बसला. मुनिमानं झारी उचलली आणि ती तुला परत मिळणार नाही असं सांगितलं. याबाबतीत मुनीम शब्दाचा पक्का निघाला.

त्या दिवशी व्यंकटीनं दिलेलं व्याख्यान सगळ्यात वाईट झालं. नावं चुकली, साल आठवेना, घोडेस्वार संपाच्या आधीच येऊन गेले. पण कोणी हललं नाही. रामकिशननं एकही शंका काढली नाही. व्याख्यान संपल्यावर म्हातारा उठला आणि भिवराबाईच्या कडेवरचं पोर मागून घेतलं. मग गाठी बांधणारे बाकीचे गडीही आले. बाया पुढे बसल्या म्हणून लेकरं गड्यांकडे आली. व्यंकटीच्या हातात छबूबाईचं कामट्या बांधलेलं लेकरू आलं. त्यानं पहिल्या तासात व्यंकटीचं धोतर दोनदा ओलं केलं. इवानोवोबद्दलची ही बाजू पुस्तकात कुठेच नव्हती.

गाड्यांची रांग रेल्वे फाटकापर्यंत गेली. गाडीवान बोंबलत होते. संप असाच किती लांबला असता कोण जाणे, पण मध्येच हुरडा आला.

शेठच्या मळ्यात दरवर्षी हुरड्याची मोठी मेजवानी असे. त्या वर्षी औरंगाबादहून नवे कारखाना निरीक्षक जेवायला आले होते. पूर्वी हा अधिकारी हैदराबादेहून येत असे, म्हणजे येत नसे. नवे साहेब मळ्याकडे जाता जाता फॅक्टरी नजरेखालून घालू म्हणाले. मळ्याची वाट फॅक्टरीवरूनच होती, त्यामुळे शेठना नाही म्हणता आलं नाही. बातमी लागल्यावर किशनराव वकीलही हजर झाले.

"काय चाललंय?" निरीक्षकांनी मोटारीतून उतरत विचारलं.

वकील पुढे सरसावले. "साहेब, या अज्ञानी भगिनी रशियातल्या इवानोवो शहराप्रमाणे पाळणाघर मागत आहेत. मी त्यांना सांगितलं की आपल्याकडची सामाजिक परिस्थिती..."

"रशियात कशाला जायला पाहिजे?" निरीक्षकांनी जांभई दिली. "आपल्याच कायद्यात आहे ते. पन्नासच्या वर बाया कामाला असतील तर लेकरांसाठी खोली द्यावी लागते. झाली की बरीच वर्षं."

सगळ्या बायांनी वकिलांकडे बघितलं. किशनरावांना वकिली करून पंधरा वर्षं झाली होती. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "मी तेच म्हणत होतो." जी गोष्ट व्यंकटीनं बर्फातून, घोडेस्वारांच्या मधून, परभणीपर्यंत उचलून आणली होती, ती औरंगाबादच्या कपाटात कधीची पडून होती. ती वाचायला चौथीपर्यंतची उर्दू पुरली नसती हे खरं. पण ज्यांना पुरेशी विद्या होती, त्यांचंही लक्ष तेव्हा मॉस्कोवर होतं.

"किती बाया आहेत इथं?" निरीक्षकांनी मुनिमाला विचारलं.

"एकोणपन्नास, साहेब."

"या सगळ्या दिसतायत त्या?"

"यातल्या काही पाहुण्या आहेत. काही नवऱ्याची भाकरी घेऊन आल्या आहेत."

दैवशाला उठून उभी राहिली. "सायब, जिनवर बसून दावू का?"

"काय?"

"तुमी आत चला. आमी आमच्या आमच्या जिनवर बसतो. जिला भरवता येत न्हाई ती पाव्हनी."

निरीक्षकांना भूक लागली होती, पण हे त्यांना गमतीचं वाटलं. ते आत गेले. भोंगा झाला, पट्टे फिरले, आणि सगळ्या बाया आपापल्या रुळासमोर बसून कापूस भरवायला लागल्या. कामट्यांचं लेकरू बाहेर व्यंकटीकडे देऊन छबूबाईही बसली. साहेबांनी एका टोकापासून मोजायला सुरुवात केली. एकोणपन्नास झाल्यावर मुनीम म्हणाला, "साहेब, हुरडा निवतोय." साहेबांनी मान हलवली आणि पुढच्या रांगेत शिरले.

हुरडा खाताना शेठनी खोली द्यायचं कबूल केलं. सरकी ठेवायची जुनी पडवी रिकामी केली, चुना मारला, खाली पोती अंथरली, वरच्या आढ्याला झोळ्या टांगायला कड्या ठोकल्या. पांढऱ्या चादरींचं काही जमलं नाही. उद्घाटन स्वतः शेठनीच केलं. मुलांविषयी आपल्याला लहानपणापासून कळवळा आहे, असं त्यांनी भाषणात सांगितलं. खोलीवर त्यांच्या मातोश्रींच्या नावाची पाटी लागली. किशनराव वकिलांनी हा संघटित लढ्याचा विजय असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या नगरपालिकेला उभे राहून निवडून आले. दाई म्हणून शेठच्या घरची म्हातारी मोलकरीण नेमली. तिला ऐकू येत नसल्यामुळे लेकरांच्या रडण्याचा तिला त्रास नव्हता. पण ती प्रेमळ होती, आणि अफूची गोळी दिसली की बायांना शिव्या द्यायची. बायांना झाल्या प्रकाराबद्दल माफ करण्यात आलं, कारण कापसाचा भर होता. व्यंकटीला माफ केलं नाही. तेल कोणीही घालू शकतं.

उद्घाटनाच्या दिवशी त्याला आत कोणी बोलावलं नव्हतं. तो लिंबाखाली उभा राहून भाषणं ऐकत होता. दैवशाला कौशीला आत झोपवून बाहेर आली.

"बघायचं का? कोनी बघत न्हाई तव्हर या."

त्यानं आत डोकावून पाहिलं. कड्यांना झोळ्या लागल्या होत्या, चुन्याचा वास येत होता, कौशी गोळीशिवाय झोपली होती.

"कसं हाय?" तिनं विचारलं.

"बारकं हाय," व्यंकटी म्हणाला. त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं. नदीचं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं, पण ते इथं कुठं लावावं हे त्याला सुचलं नाही.

पुढं येलदरीच्या धरणाचं काम निघालं आणि तो तिकडं गेला. तिथल्या यंत्रांनाही तेल लागत होतं. साइटवर त्याचा लौकिक आधीच पोचला होता. एका हौशी ओव्हरसियरनं त्याला परदेशातल्या धरणांवर बोलायला सांगितलं आणि एक रंगीत चित्रांचं पुस्तकही देऊ केलं. व्यंकटीनं ते चाळलं, चित्रं चांगली आहेत म्हणाला आणि परत दिलं. लोकांना वाटलं, माणसाला गर्व झाला.

दैवशाला हंगामापुरती परभणीत राहायची आणि होळीनंतर येलदरीला यायची. दिवाळी जवळ आली तशी एकदा ती परभणीला गेली आणि चार दिवसांतच एसटीनं परत आली. कौशी आता धावत होती. व्यंकटी नदीवरून मासे घेऊन आला होता आणि स्वतःच तव्यावर भाजत होता. दोन करपले होते.

"फॅक्टरी सुरू व्हायची हाय ना?" तो म्हणाला. "आताच कशी आलीस?"

"काल सगळ्याजनी गेलो व्हतो. खोली बघायला."

"मग?"

"पावसाळ्यात शेठनं तिच्यात सरकी भरली. पार आढ्यापातुर."

"गेल्या साली बी भरली व्हती."

"हां. मुनीम म्हनला, काढायला गडी न्हाईत. मग आमीच काढली. टोपल्या भरून भरून फाटकात वतली. गाडी आत जाईना, मग शेठ आले."

"शेठ काय म्हनले?"

"काय म्हनतेल? चहा मागवला. सरकी दुसरीकडं ठिवतो म्हनले." तिनं तव्याकडे बघितलं. "उलटा की तो. जळायलाय."